पडद्याआडचे सेवक आणि त्यांची दप्तरे

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते तेवढेच काम संगणक करीत असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पडद्यावर काहीही नसताना, किंबहुना यंत्राला पडदाच जोडलेला नसताना, त्याच्या आत कित्येक कामे अहोरात्र चाललेली असतात. कोणी छापावयाच्या कागदांची रांग सांभाळतो, कोणी घड्याळ जुळवितो, कोणी रोजच्या घडामोडींची नोंदवही लिहितो, कोणी बाहेरून येणाऱ्या हाकेची वाट पाहत दाराशी बसलेला असतो. बँकेची खातेवही, इस्पितळातील रुग्णाचे कागद, आता संगणकावर मिळणारा आपला सातबारा, ह्या सर्वांचा कारभार अशा न दिसणाऱ्या सेवकांच्या हातून होतो. हे सेवक दप्तरे कशी ठेवतात, त्या दप्तरांना कुलूप कोण लावतो, आणि ते लावावयाचे राहिले तर काय होते, एवढाच मर्यादित विषय आम्ही ह्या लेखासाठी घेतला आहे. विषय रुक्ष वाटेल. पण मोठमोठ्या घरफोड्या ह्याच वाटेने झाल्या आहेत.

ह्या सेवकांना इंग्रजीत ‘डीमन’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या संस्थेत १९६३मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅक’च्या मंडळींनी रूढ केले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल ह्याने १८६७ साली एक काल्पनिक जीव उभा केला होता. दोन खोल्यांच्या मधल्या दारापाशी बसून वायूचे वेगवान आणि संथ रेणू निवडून वेगळे करणारा हा न थकणारा जीव पुढे ‘मॅक्सवेलचा डीमन’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यावरून हे नाव आले. आपल्याला कोकणातल्या राखणदाराची आठवण व्हावी. तो दिसत नाही, पण गावाची राखण करतो असे लोक मानतात. फरक इतकाच, की राखणदाराला बरेवाईट कळते असे आपण धरून चालतो. संगणकातील डीमनला ते मुळीच कळत नाही. त्याला जे सांगितले ते तो अक्षरशः करतो, आणि ह्या लेखातील सगळ्या अडचणीचे मूळ तेथेच आहे.

आता कुलपांकडे वळू. यूनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी १९६९पासून घडविली. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, तिने फाइलींच्या परवानगीची रीत यूनिक्सपासूनच घेतली आहे. ही रीत आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. प्रत्येक फाइलीचा एक धनी असतो, एक गट असतो, आणि उरलेले सगळे ‘इतर’. ह्या तिघांना प्रत्येकी तीन गोष्टींची मुभा देता येते अगर नाकारता येते : वाचणे, लिहिणे आणि चालविणे. वाचण्याला चार, लिहिण्याला दोन आणि चालविण्याला एक अंक दिलेला आहे. वाण्याच्या दुकानात एक, दोन आणि चार किलोची तीनच वजने असली तरी एकपासून सातपर्यंत काहीही जोखता येते, आणि एकूण आकडा ऐकून पारड्यात कोणकोणती वजने आहेत ते बिनचूक सांगता येते. तसेच हे आहे. ६४४ म्हणजे धन्याने वाचावे व लिहावे, गटाने व इतरांनी नुसते वाचावे. ६०० म्हणजे धन्यावाचून कोणी हात लावू नये. ६६६ म्हणजे कोणीही यावे आणि लिहून जावे. आणि ७७७ म्हणजे धर्मशाळा.

डिरेक्टरीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, आणि अनुभवी माणसेही येथे घसरतात. डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा म्हणजे तिच्यातील नावे बदलण्याची, काढून टाकण्याची आणि नवी घालण्याची मुभा. खोली ज्याच्या ताब्यात आहे, त्याला आतली कुलूपबंद पेटी उघडता येणार नाही; पण ती उचलून बाहेर टाकून तिच्या जागी हुबेहूब दुसरी पेटी ठेवायला त्याला कोणी अडवीत नाही. म्हणून फाइलीला ६०० लावले आणि डिरेक्टरी मोकळी ठेवली, तर ते कुलूप शोभेचे झाले.

ह्या सर्व नियमांतून एकजण सुटलेला आहे. त्याचे नाव ‘रूट’. वाचण्यालिहिण्याची ही बंधने त्याला लागू होत नाहीत. पुष्कळ डीमन यंत्र सुरू होताना रूटच्या अधिकाराने उभे राहतात, कारण त्यांना कधी राखीव दार उघडावयाचे असते, तर कधी सर्वांच्या फाइली हाताळावयाच्या असतात. म्हणजे बरेवाईट न कळणारा सेवक, आणि त्याच्या कमरेला वाड्याच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा, अशी ही स्थिती आहे.

अशा सेवकाच्या दप्तराला भोक कसे पडते? पहिला प्रकार निव्वळ विसरभोळेपणाचा आहे. यूनिक्समध्ये ‘यूमास्क’ नावाची एक सोय असते. नवी फाइल जन्मते तेव्हा कार्यक्रमाने मागितलेल्या परवानग्यांतून कोणत्या काढून घ्यावयाच्या, ते हा मास्क सांगतो. सामान्यतः फाइल ६६६ मागून जन्माला येते. मास्क ०२२ असला तर प्रत्यक्षात ती ६४४ होते, आणि ०७७ असला तर ६००. ज्या कोणी डीमनला सुरू केले त्याचा मास्क डीमनकडे वारशाने येतो. हा वारसा कसा असेल ह्याचा भरवसा नसल्याने, डीमनने प्रथम आपला मास्क शून्य करून घ्यावा आणि प्रत्येक फाइलीच्या परवानग्या स्वतः ठरवाव्यात, अशी शिकवण जुन्या ग्रंथकारांनी दिली. रिचर्ड स्टीव्हन्स ह्यांच्या १९९२च्या सुप्रसिद्ध ग्रंथातही ती आहे. शिकवणीत चूक नव्हती. पण तिचा पूर्वार्ध सर्वांनी उतरवून घेतला आणि उत्तरार्ध पुष्कळांनी वाचलाच नाही. मास्क शून्य, आणि फाइल उघडताना परवानगीचा उल्लेख नाही. परिणामी सेवकाची नोंदवही ६६६ होऊन जन्मते. ज्याला त्या यंत्रावर साधे खाते आहे असा कोणीही तिच्यात वाटेल ते लिहितो अगर खोडतो. असले दोष गेल्या कित्येक वर्षांत वेगवेगळ्या डीमनमध्ये पुन्हा पुन्हा सापडत आले आहेत.

दुसरा प्रकार अधिक खोल आहे. नॉर्म हार्डी ह्या अमेरिकन तज्ज्ञाने १९८८ साली ‘गोंधळलेला मुखत्यार’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक छोटा निबंध लिहिला. टाइमशेअर ह्या कंपनीत फोरट्रान भाषेचा एक कंपायलर होता. आपला कितपत वापर होतो ह्याची आकडेवारी लिहिता यावी म्हणून त्याला स्वतःच्या डिरेक्टरीत लिहिण्याचा खास अधिकार दिलेला होता. त्याच डिरेक्टरीत ग्राहकांच्या बिलांची फाइलही राहत असे. कंपायलरला वापरणारा माणूस ‘अमुक नावाच्या फाइलीत तपासणीचे टिपण लिही’ असे सांगू शकत असे. एकाने नेमके बिलांच्या फाइलीचेच नाव दिले! त्या माणसाला ती फाइल लिहिण्याचा हक्क नव्हता. पण कंपायलरला होता. कंपायलरने आज्ञाधारकपणे बिलांवर टिपण लिहून ठेवले, आणि बिले गेली. येथे कोणीही कुलूप फोडले नाही. अधिकार एकाचा आणि इच्छा दुसऱ्याची, एवढेच झाले. गावच्या चावडीत साहेबाचा शिक्का हाती असलेल्या कारकुनापुढे कोणी कागद सरकवावा आणि त्याने न वाचता शिक्का मारावा, तशातला हा प्रकार.

हाच गोंधळ २०१६ साली एका अत्यंत प्रचलित डीमनच्या बाबतीत उघडकीस आला, आणि तो थोडा तपशिलाने पाहण्यासारखा आहे. ‘एनजिनएक्स’ हा संकेतस्थळे पुरविणारा डीमन. त्याची रचना मुळात शहाणपणाची आहे : एक मुख्य कारभारी रूटच्या अधिकाराने चालतो, आणि बाहेरच्या लोकांशी बोलणारे त्याचे हाताखालचे कामकरी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ नावाच्या दुबळ्या खात्यावर चालतात. कामकरी फितला तरी नुकसान थोडे, हा हेतू. परंतु डेबियन ह्या लिनक्सच्या वितरणात ज्या डिरेक्टरीत एनजिनएक्सच्या नोंदवह्या राहत, तिची मालकी त्या दुबळ्या खात्याकडे दिलेली होती. आता पाहा. संकेतस्थळातील एखाद्या भोकातून कोणी आत शिरला आणि त्या दुबळ्या खात्याचा ताबा त्याने मिळविला. नोंदवही काढून तिच्या जागी त्याने एक ‘सिमलिंक’ ठेवली. सिमलिंक म्हणजे ‘खरी वस्तू येथे नाही, तिकडे आहे’ असे सांगणारी पाटी. पाटीवर पत्ता होता तो लिनक्सच्या अशा एका फाइलीचा, जिच्यात लिहिलेला कोडचा तुकडा त्यानंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात आपोआप जोडला जातो. ही फाइल एरवी बहुधा अस्तित्वातच नसते. जुन्या नोंदवह्या बाजूला सारून नव्या उघडण्याची ठरलेली वेळ होते. रूटच्या अधिकाराने चालणारा कारभारी आपली नोंदवही उघडावयास जातो, पाटी वाचतो, पाटीने दाखविलेल्या ठिकाणी नवी फाइल निर्माण करतो, आणि आपल्या कामकऱ्यांना लिहिता यावे म्हणून तिची मालकी मोठ्या उदारपणे दुबळ्या खात्याला देऊन टाकतो! ह्यापुढे सबंध यंत्र चोराचे.

डेबियनने ह्यावर काढलेला उपाय एका ओळीत सांगण्यासारखा होता : त्या डिरेक्टरीची मालकी रूटकडे घेतली. नोंदवह्या लिहिण्याचा कामकऱ्यांचा हक्क कायम राहिला. डिरेक्टरीतील नावे बदलण्याचा हक्क तेवढा गेला. येथे कोणी विचारील, की सिमलिंकच्या फसवणुकीवर लिनक्सने २०१२ साली, ३.६ ह्या आवृत्तीत, संरक्षण आणले होते ना? आणले होते. पण ते सर्वांना मोकळ्या असलेल्या ‘टेम्प’सारख्या डिरेक्टरींपुरते आहे. जी डिरेक्टरी आपण होऊन एकाच्या नावावर करून दिली, तिच्या धन्याला ते संरक्षण अडवीत नाही.

तिसरे उदाहरण अंकगणिताचे आहे. ‘सिस्टिमडी’ हा आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवरील सर्व सेवकांचा मुकादम. यंत्र सुरू होताच तोच प्रथम उठतो आणि इतरांना उठवितो. त्याच्या २०१५च्या अखेरीस निघालेल्या २२८व्या आवृत्तीत फाइल निर्माण करणारे एक छोटे कलम होते. ‘परवानगी सांगितलेली नाही’ ह्याची खूण म्हणून तेथे उणे एक हा अंक वापरलेला होता, आणि मिळालेला अंक शून्याहून मोठा नसेल तर नेहमीची ६४४ ही परवानगी लावावी असे लिहिले होते. परंतु परवानगीचा अंक ज्या जातीचा असतो त्या जातीत उणे संख्या नसतातच. तेथे उणे एक म्हणजे सगळे दिवे लागलेली सर्वांत मोठी संख्या. त्यामुळे ६४४ कधीच लागले नाही, आणि फाइली ७७७७ अशा परवानगीने जन्मू लागल्या. ह्यातील पहिला सात विशेष घातक आहे, कारण त्यात ‘सेटयूआयडी’ येतो : ही फाइल कोणीही चालविली तरी ती धन्याच्या अधिकाराने चालावी. धनी होता रूट.

पण आम्हाला ह्या प्रकरणात बोलके वाटते ते पुढचेच. जानेवारी २०१६मध्ये हा दोष दुरुस्त झाला. मात्र नोंद अशी झाली, की कोणीही त्या मोकळ्या फाइलीत लिहून जागा भरून टाकील आणि यंत्र अडेल, तेवढे टळावे म्हणून ही दुरुस्ती. म्हणजे किरकोळ. सेबास्टियन क्रामर ह्या सुरक्षा-तपासनिसाने जानेवारी २०१७मध्ये दाखवून दिले, की ठरल्या वेळी कामे सुरू करणारे टायमर जी खुणेची फाइल ठेवतात तीही ह्याच कलमातून जन्मते, आणि तिच्या आधाराने साधा वापरकर्ता रूट होऊ शकतो. मधल्या वर्षात ज्यांनी ‘किरकोळ’ हा शब्द वाचून जुनीच आवृत्ती चालू ठेवली, त्यांची दारे उघडी होती. परवानगीच्या दोषाला किरकोळ म्हणण्याआधी त्या फाइलीचा धनी कोण आणि ती कोण वाचतो अगर चालवितो, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत, असे आमचे मत आहे.

आता दुरुस्तीविषयी. सर्वांत प्रचलित दुरुस्ती म्हणजे फाइल निर्माण करावयाची आणि पुढच्या ओळीत ‘सीएचमॉड’ने तिची परवानगी आवळावयाची. ही दुरुस्ती नव्हे. त्या दोन ओळींमध्ये जो क्षण जातो त्यात दुसऱ्याने फाइल उघडून घेतलेली असू शकते. आणि परवानगी तपासली जाते ती केवळ उघडताना. एकदा दोर हाती आला की मागाहून दाराला कुलूप घातल्याने तो सुटत नाही. म्हणून फाइल जन्मतानाच तिची परवानगी सांगितली पाहिजे, आणि मास्क ०७७ ठेवला पाहिजे, म्हणजे सांगावयाचे राहिले तरी चूक झाकल्या बाजूला होईल. सिस्टिमडी आपल्या सेवकांना ०२२ हा मास्क देतो. मास्क शून्य असण्यापेक्षा ते पुष्कळच बरे. पण त्यामुळे नोंदवही सर्वांना वाचता येते, आणि नोंदवहीत पासवर्ड उमटविणारे कार्यक्रम काही थोडे नाहीत. सेवकाच्या सेवापत्रात यूमास्कची एक ओळ घालून हे बदलता येते.

‘आधी पाहा, मग उघडा’ ही रीतही सोडावी लागते. व्यवहारात ती शहाणपणाची असली तरी येथे घातक आहे, कारण पाहणे आणि उघडणे ह्यांच्यामध्ये पाटी बदलता येते. त्याऐवजी उघडण्याच्या हुकमातच अट घालावी : फाइल आधीपासून असेल तर नवी करू नकोस, आणि नाव सिमलिंकचे असेल तर मुळीच उघडू नकोस. ह्या अटींना ‘ओ-एक्सक्ल’ आणि ‘ओ-नोफॉलो’ अशी नावे आहेत. त्यापुढची मालकी आणि परवानगीची कामे नावाने न करता हाती आलेल्या दोराने करावीत. मात्र ‘ओ-नोफॉलो’ मार्गातील शेवटच्याच नावापुरता पाहतो. वाटेतली एखादी डिरेक्टरीच पाटी असली तर तो काही म्हणत नाही. म्हणजे आपण फिरून डिरेक्टरीच्या मालकीपाशी येतो. रूटने ज्या डिरेक्टरीत लिहावयाचे ती रूटच्याच मालकीची असली पाहिजे, आणि तिच्या वरच्या सगळ्या डिरेक्टरीही. ह्याला अपवाद नको.

ह्या सगळ्याहून मोठा उपाय म्हणजे सेवकाच्या कमरेचा जुडगाच काढून घेणे. कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर ह्यांनी १९७५ साली मांडले. ते कसे वापरावे ह्याचा उत्तम धडा ओपनएसएसएच ह्या दुरून यंत्रात प्रवेश देणाऱ्या डीमनने २००२ साली घालून दिला. नील्स प्रोव्होस ह्यांच्या योजनेप्रमाणे त्याचे दोन भाग करण्यात आले. अनोळखी माणसाशी बोलणारा भाग एका रिकाम्या डिरेक्टरीत कोंडलेला आणि अधिकारहीन. अधिकार असलेला भाग लहान, आणि ठराविक प्रश्नांनाच उत्तरे देणारा. आज हे करावयास पूर्वीइतके श्रम पडत नाहीत. सेवापत्रात दोनचार ओळी लिहिल्या, की सिस्टिमडी सेवकाला स्वतंत्र खाते देतो, त्याच्यापुरती वेगळी ‘टेम्प’ डिरेक्टरी देतो, बाकीची सबंध फाइलव्यवस्था त्याला केवळ वाचनापुरती दाखवितो, आणि लिहावयास एकच डिरेक्टरी योग्य मालकीने स्वतः करून देतो. अडचण असते ती एवढीच, की ह्या ओळी घातल्यावर जुना सेवक एखादे दिवशी ‘परवानगी नाही’ म्हणून अडून बसतो, आणि मग घाईत कोणीतरी ७७७ लावून मोकळा होतो. कित्येक भोके अशी रागाच्या भरात पाडलेली आहेत! अडलेल्या सेवकाला नेमकी कोणती फाइल हवी आहे हे नोंदवहीत पाहून तेवढीच त्याला द्यावी. अर्ध्या तासाचे काम असते.

एक गोष्ट राहिली, आणि ती पुष्कळांच्या लक्षातून सुटते. कार्यक्रम दुरुस्त झाला म्हणून आधी जन्मलेल्या फाइली दुरुस्त होत नाहीत. त्या जुन्याच परवानगीने पडून राहतात. ह्याचा मोठा दाखला विंडोजमध्ये जुलै २०२१मध्ये मिळाला. विंडोज १०च्या १८०९ आणि नंतरच्या आवृत्त्यांत, खात्यांच्या पासवर्डांचे गुप्त अंश ज्या फाइलीत असतात ती सामान्य वापरकर्त्याला वाचता येईल अशी परवानगी चुकून लागलेली होती. चालू फाइल यंत्राच्या ताब्यात असल्याने सहसा उघडता येत नसे. पण यंत्र स्वतःच्या सोयीसाठी ज्या छायाप्रती घेऊन ठेवते त्यांत तीच फाइल त्याच सैल परवानगीने उतरलेली होती. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली आणि सोबत सांगितले, की जुन्या छायाप्रती ज्याच्या त्याने हाताने काढून टाकाव्यात, नाहीतर दुरुस्ती पुरी होत नाही.

तेव्हा वाचकांपैकी ज्यांच्याकडे एखाद्या पतपेढीचा, शाळेचा किंवा ग्रंथालयाचा सर्व्हर सांभाळण्याचे काम असेल, त्यांनी दुरुस्तीनंतर ‘फाइंड’ ह्या हुकमाने इतरांना लिहिता येणाऱ्या फाइली आणि डिरेक्टरी सबंध यंत्रात शोधाव्यात, आणि सेटयूआयडीच्या फाइलींची वेगळी यादी करावी. ज्या फाइलीत पासवर्ड किंवा किल्ली होती आणि जी कधीकाळी सर्वांना वाचता येत होती, तिला आता ६०० लावून भागत नाही. तो पासवर्डच बदलावा लागतो, कारण तो कोणी वाचून ठेवला आहे का हे फाइलीच्या परवानगीवरून कळत नाही. मग सेवक थांबवावा, त्याच्या जुन्या खुणेच्या फाइली काढाव्यात, त्याला पुन्हा सुरू करावे, आणि नोंदवह्या बदलण्याची वेळ एकदा मुद्दाम आणवून नव्याने जन्मलेल्या फाइलींचे धनी आणि आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. ही शेवटची पाहणी यंत्र पुन्हा चालू केल्यावरही एकदा करावी, कारण यंत्र उठताना ज्या मास्कने सेवक उभा राहतो तो हाताने सुरू करतानाच्या मास्काहून वेगळा असू शकतो.